यंत्रानं घेतलेलं नाव

ती सकाळ अजूनही डोळ्यांपुढून हलत नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातलं बरंच आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. कुठला पंचनामा कुठल्या गुन्ह्याचा, असं कोणी विचारलं तर मी नक्की चुकेन. पण उजनीच्या पाण्याकाठची ती पत्र्याची शेड, तिथलं धुकं आणि धुक्यातून येणारा एका बाईचा शांत आवाज जसाच्या तसा आठवतो. गंमत म्हणजे तो गुन्हा नव्हताच. गुन्हा समजून मी एका भल्या माणसाला अर्धा दिवस बाकावर बसवून ठेवलं होतं, ही कबुली आधीच देऊन टाकतो.

तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. भिगवणच्या बाजूचा एक तरुण मासेमार पहाटे होडी घेऊन गेला आणि परतला नाही. दुपारी होडी गवतात अडकलेली सापडली. जाळं आत, चपला आत, माणूस नाही. चार दिवस शोध घेतला. हे धरणाचं पाणी आहे, त्याच्या पोटात जुनी गावं आहेत. खाली भिंती आहेत, झाडांची खोडं आहेत. तळाशी अडकलेलं वर येईलच असं नाही. मिसिंग दाखल करून आम्ही कागद पुढे पाठवले आणि दुसऱ्या कामाला लागलो.

अठराव्या दिवशी त्याचा बाप ठाण्यात आला. सगळे त्याला तात्या म्हणत. घराणं मूळचं मेंढरं राखणारं, धरणाचं पाणी आल्यावर पोरगा मासळीकडे वळलेला. तात्यानं मुठीत चुरगळलेली एक चिठ्ठी माझ्या टेबलावर तळव्यानं सरळ केली.

"सायेब, माझा पोरगा जित्ता हाय. ह्ये बघा, आज सकाळचं हाय."

चिठ्ठीवर पोराचं नाव छापलेलं होतं. तारीख त्याच दिवसाची. वेळ सकाळी सात वाजून दहा मिनिटं.

चिठ्ठी मासळी गोळा करणाऱ्या एका खाजगी शेडमधली होती. मासेमार पहाटेचा माल तिथे घालत, बाया तो निवडून बर्फात भरत. आत शिरताना प्रत्येकानं यंत्रावर बोट ठेवायचं. बोट जुळलं की स्पीकरमधून एका बाईच्या आवाजात नाव ऐकू येई, हिरवा दिवा लागे, मग क्रेट काट्यावर ठेवायचा आणि बाजूच्या छोट्या प्रिंटरमधून नाव, वेळ, वजन छापलेली चिठ्ठी बाहेर पडे.

"म्या माझ्या कानानं ऐकलं," तात्या म्हणाला. "बर्फाच्या मशिनीपाशी हुबा हुतो. आतनं त्येचं नाव आलं. पळत गेलो तर कुनी न्हाय, कागुद तेवढा लोंबत हुता. सून तितंच मासळी निवडती. तिला इचारलं, तर पदर तोंडाला लावून उगी बसली. तिला समदं ठावं हाय सायेब. कुठं दडवलाय ते इचारा तिला."

"तिनं नवऱ्याला कशाला दडवावं, तात्या?"

"त्ये मला काय म्हाईत? पर भावकी म्हनती, पोराचं कार्य उरकून घे. जित्त्या पोराचं कार्य करू व्हय मी?"

एवढं बोलून तो रडला. मी पाणी मागवलं. खरं सांगतो, क्षणभर मलाही वाटलं की पोरगा कुठून तरी चालत येईल आणि बापाच्या खांद्यावर हात ठेवेल. मग चिठ्ठीतली शेवटची ओळ वाचली. वजन शून्य. होडी पाण्यात टाकून नाहीसा झालेला माणूस रिकाम्या हातानं काट्यापाशी कशाला येईल?

पोलिसाचं डोकं अशा वेळी सरळ चालत नाही. मी ठरवून टाकलं की शेडमध्ये खोट्या नोंदी होतात. ते यंत्र आणि काटा जोडून देणारा माणूस बारामतीचा होता, त्याला बोलावणं धाडलं. चाळिशीचा, चष्मा लावलेला गृहस्थ खांद्यावर लॅपटॉपची पिशवी घेऊन वेळेवर आला. मी त्याला मुद्दाम बाकावर बसवून ठेवलं. वाट पाहणारा माणूस निम्मा जबाब मनातच देऊन ठेवतो, हा माझा अनुभव. हा मात्र समोरच्या बिनतारी संचाच्या वायरी निरखत बसला होता.

"सॉफ्टवेअर तुमचं. मग बेपत्ता माणसाची हजेरी लागतेच कशी?" मी दरडावलं.

"सर, माझं सॉफ्टवेअर बोट बघतच नाही," तो म्हणाला. "काटा एका कंपनीचा, प्रिंटर दुसऱ्या, बोटाचं यंत्र तिसऱ्या. तिघांना एकमेकांची भाषा येत नाही, मी मधला दुभाष्या. बोट यंत्र ओळखतं, आणि मला सांगतं फक्त एक आकडा. एकेचाळीस आला की एकेचाळीसपुढचं नाव मी बोलून दाखवतो."

"म्हणजे एकेचाळीस नंबरचं बोट तिथे येतंय?"

"बोट येतंय, एवढं नक्की."

"बोट येतंय म्हणजे माणूस येतोय!" मी टेबलावर हात आपटला. बोट कधी खोटं बोलत नाही, हे मी नव्या शिपायांना वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो.

त्यानं लॅपटॉप उघडून नोंदी दाखवल्या. होडी सापडली त्याच्या चौथ्या दिवसापासून एकेचाळीस रोज येत होता. सगळ्यात शेवटी, रांग संपल्यावर. कॅमेरा होता, पण मालकानं तो काट्यावर रोखलेला. बोटाचं यंत्र खांबाआड.

"आणि हे नाव घेणारी बाई कोण?" मी विचारलं.

तो जरा लाजला. "मिसेस आहेत सर. मालकांनी आवाज मागितला नव्हता. पण बऱ्याच जणांना स्क्रीन वाचता येत नाही. म्हणून घरातले पंखे बंद करून सगळ्यांची नावं त्यांच्या आवाजात भरली."

दुसऱ्या दिवशी मी हवालदाराला घेऊन शेडवर गेलो. पाण्यावर धुकं इतकं की काठ कुठे संपतो ते कळत नव्हतं. आतून एकेक नाव येई आणि धुक्यातून तो तो माणूस डोक्यावर क्रेट घेऊन उगवे. असं वाटे की ती बाई नावं घेतेय म्हणूनच माणसं घडताहेत. मी गणवेशात यंत्राशेजारी ठाण मांडून बसलो. सात वाजले, आठ वाजले. एकेचाळीस काही आला नाही. खाकी कपडे घालून दुधापाशी बसलं तर मांजर तिकडे फिरकत नाही, हे मला त्या वयात कोणी सांगायला नको होतं.

निवडणाऱ्या बायांचे जबाब घेतले. बारा बाया, उत्तर एकच. "न्हाय बा सायेब, आमाला काय ठावं न्हाय." सुनेलाही विचारलं. पंचविशीची असेल. चिलापीचे खवले काढता काढता तिनं मान हलवली, हात थांबवला नाही. बारा माणसं एकच वाक्य बोलतात तेव्हा ते ठरवलेलं असतं. भीतीनं ठरवलेलं मी पुष्कळदा ऐकलं होतं. हे तसं वाटत नव्हतं, पण दुसरं काय, ते मला सुचेना.

युक्ती सुचली ती बारामतीच्या माणसाला. तो म्हणाला, "सर, चोरी करायची असती तर वजन टाकलं असतं. इथे वजन नाही, मजुरी नाही, काहीच नाही. बोट लावल्यावर मिळतो तो फक्त आवाज. मी उद्या एकेचाळीसचा आवाज बंद करतो. ज्याला तो हवाय, तो थांबेल."

तिसऱ्या सकाळी मी साध्या कपड्यात मालकाच्या केबिनमध्ये बसलो. शेजारी तो, मांडीवर लॅपटॉप. दार किलकिलं ठेवलं होतं. रांग आली, गेली. नावं संपली. बाया नळावर हात धुऊन पाटावर बसल्या. बाहेर कुठेतरी पक्षी ओरडत होते.

लॅपटॉपवर एकेचाळीस उमटला. स्पीकर गप्प.

पुन्हा एकेचाळीस. पुन्हा. पुन्हा.

मी उठून बाहेर आलो. यंत्रापाशी सून उभी होती. उजव्या हातानं पदर सावरलेला आणि डाव्या हाताची अनामिका काचेवर. बोट उचलून ती पदराला पुसत होती आणि परत टेकवत होती. मला पाहून दचकली सुद्धा नाही. एवढंच म्हणाली,

"सायेब, आज नाव का घेईना ह्ये?"

पाटावरच्या बाया खाली मान घालून बसल्या होत्या. बारामतीच्या माणसानं चष्मा काढला आणि भिंतीकडे तोंड केलं.

तिचा जबाब मी केबिनमध्ये, दोन बायांना शेजारी बसवून घेतला. यंत्र बसवलं त्या दिवशी नवऱ्याची बोटं उमटेचनात. जाळ्याच्या दोऱ्यानं आणि बर्फाच्या पाण्यानं रेषा झिजून गेलेल्या. दहाही बोटं लावून झाली. मागं रांग ओरडत होती. तेव्हा हिनं आपलं डावं बोट पुढे केलं.

"नवरा-बायकूचं काय येगळं असतं, म्हनलं. त्येंच्यासाठी हे बोट, माझ्यासाठी उजवा अंगठा. त्ये क्रेट उतरायचे, मी बोट लावायची. समद्यास्नी ठावं हुतं."

यंत्राला दोन बोटं म्हणजे दोन माणसं. एका माणसाला दहा बोटं असतात, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. मला मात्र ठाऊक होतं. आरोपीच्या दहाही बोटांचे ठसे घेण्यात माझी हयात गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

"पण ते गेल्यावर का लावत राहिलीस, पोरी?"

तिनं ते बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं. मग म्हणाली, "आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत सायेब. लग्नात उखान्यात घेतलं तेवढंच. घरात मामंजी नाव निघालं की रडत्यात, म्हनून कुनी काढत न्हाय. हितं ती बाई रोज घ्यायची. बाईचाच आवाज. डोळं मिटलं की वाटायचं, मीच घेतलं." मग घाईनं म्हणाली, "मामंजी त्या दिशी पळत आलं तवाच सांगनार हुते. पर त्येंच्या तोंडाकडं बघून धीर झाला न्हाय. त्येंला पोरगा घावला हुता ना."

कलम लावण्यासारखं काही नव्हतं. कुणाचं नुकसान नाही, कुणाचा फायदा नाही. तरी सर्वांत अवघड काम उरलंच होतं. तात्याला मी जीपमधून आणवलं. दारावरच त्यानं विचारलं, "घावला?"

मी सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. माणसाला खोटी आशा देणं हे मारहाणीपेक्षा वाईट, असं मी मानतो, पण त्या दिवशी मलाही ते जड गेलं. तात्या क्रेटवर बसला. हातातली काठी त्यानं हळूच जमिनीवर ठेवली. सून खांबाला टेकून रडत होती. आपल्यावर आळ घेणारा सासरा आता काय बोलेल, या भीतीनं ती अंग चोरून उभी होती.

बारामतीच्या माणसानं मला हळूच विचारलं, "सर, एकेचाळीस काढून टाकू?"

ते तात्यानं ऐकलं. "जरा थांबा," तो म्हणाला. तो उठला, सुनेपाशी गेला आणि पहिल्यांदाच तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"यंत्राच्या तोंडून कशापाई? तू घे पोरी. मोठ्यानं घे. मी हाय हितं, मी ऐकतो."

तो तिला पाण्याच्या काठापर्यंत घेऊन गेला. आम्ही मागेच थांबलो. धुकं अजून होतं, दोघं त्यात अर्धी बुडाल्यासारखी दिसत होती. आधी काही ऐकू आलं नाही. मग तिनं नाव घेतलं. पहिल्यांदा चाचरत, मग पाण्याच्या पलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तात्या "व्हय, व्हय" म्हणत राहिला. पाठीमागे शेडमधल्या बाराही बाया उठून उभ्या राहिल्या होत्या.

त्या आठवड्यात तात्यानं पोराचं कार्य केलं. मी गेलो होतो. बारामतीचा माणूसही बायकोला घेऊन आला होता. सुनेनं तिचा हात कितीतरी वेळ हातात धरून ठेवला. मी त्या गृहस्थाची बाकाबद्दल माफी मागितली, तर तो म्हणाला, "सर, चूक माझीही आहे. झिजलेल्या हातांचं काय करायचं, हे मी आधी विचारायला हवं होतं." पुढे त्यानं अशा माणसांसाठी वेगळी सोय केली असं ऐकलं.

मिसिंगची फाईल मी निवृत्त होईपर्यंत उघडीच होती. शिपायांना शिकवताना मी पुढे एक वाक्य जोडू लागलो: बोट खोटं बोलत नाही, पण बोटापुढचं नाव माणूस लिहितो, तेव्हा आधी त्या माणसाला गाठा, आणि तो गप्प असेल तर तो गप्पपणा कोणासाठी आहे ते बघा.

वाचकांना वाटेल, इतकं सगळं सांगितलं तर त्या मुलाचं नाव का लिहिलं नाही. मला ते पाठ आहे. पण ते कोणी घ्यायचं, हे त्या सकाळी पाण्याकाठी ठरलं.