आधी सेटल हो

नीलांबरीच्या आईचा, शोभनाताईंचा, एक आवडता शब्द होता: सेटल. "आधी सेटल हो. मग लग्न, मग मुलं. पळून का चाललीत ती?" आणि ही पडली आईचं ऐकणारी. अटलांटातल्या कॉलेजात असतानाच हिने सगळं आयुष्य रांगेत उभं करून ठेवलं. डॉक्टरकी, मग हृदयरोगाचं पुढचं शिक्षण, अल्फारेटाच्या उपनगरात घर, देवदत्तशी लग्न. मूल सगळ्यात शेवटी.

तिची रूममेट जेनेल जॉर्जियातल्याच मेकन गावच्या एका कृष्णवर्णीय कुटुंबातली. तिचं गणितच निराळं. "आमच्याकडे आजीने नोकरी केली, आईने केली, पोरंही झाली. आधी-नंतर कसलं त्यात?" वकिलीच्या पहिल्या वर्षाला तिला मुलगी झाली, सांभाळायला तिची आई येऊन राहिली. नीलांबरीला तेव्हा चक्क कीव आली होती. बिचारीचं करिअर बसलं, म्हणाली. कसलं बसतंय! जेनेलची आज स्वतःची फर्म आहे.

परवा त्याच मुलीची, ईमानीची, हायस्कूल संपल्याची पार्टी होती. शोभनाताईही गेल्या. त्याच आठवड्यात आयव्हीएफच्या क्लिनिकमधून नीलांबरीला फोन आला होता. याही खेपेला नाही, आणि आता एक्केचाळिसाव्या वर्षी थांबलेलं बरं. आईला तिने हे अजून सांगितलं नव्हतं.

शोभनाताईंनी ईमानीच्या गालावरून हात फिरवला आणि सवयीने म्हणाल्या, "फर्स्ट यू सेटल, हं. बाकी सगळं नंतर."

पोरगी गोंधळली. तिच्या इंग्रजीत सेटल होणं म्हणजे कमी मिळालं तरी चालवून घेणं. "पण आँटी, मी कमीवर का भागवू?" सगळे हसले. जेनेल तेवढी नीलांबरीकडे बघत राहिली.

परतताना शोभनाताई गाडीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "हसायला काय झालं गं सगळ्यांना? चुकीचं बोलले का मी?"

नीलांबरीने गाडी सुरूच केली नाही. "आई, शेवटचंही फेल गेलं. डॉक्टर म्हणाले, आता नको."

शोभनाताई कितीतरी वेळ पर्सची चेन उघडझाक करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मीच म्हणायचे ना गं, पळून का चाललीत ती?"

तसं काही नाही आई, एवढंच म्हणायचं होतं. हॉस्पिटलात परक्या माणसांना रोज धीर देणारी बाई ही. पण तिच्या तोंडून ते काही निघेना, आणि आई वाट बघत बसली.