तीनचं विमान

साडेअकराची बसच धरायला हवी, असं मी बाबांना तिसऱ्यांदा बजावलं तेव्हा ते नानाखेडा स्टँडवर माझी सूटकेस स्कूटरवरून उतरवत होते. इंदूर काही जवळ नाही आणि विमान तीनचं आहे, हेही पुन्हा सांगितलं. धडधडीत खोटं होतं ते. विमान संध्याकाळी सातचं होतं. बाबांनी घड्याळ पाहिलं, सूटकेस कंडक्टरच्या हवाली केली आणि “आराम से जा” एवढंच म्हणून स्कूटर वळवली. त्यांना बारा अठ्ठावीसच्या आत घरच्या गच्चीवर पोचायचं होतं. एकवीस जून होता तो.

उज्जैनमध्येच राहिलेल्यांना हे सांगायला नको, पण माझ्यासारखे बाहेर पडलेले कदाचित विसरले असतील. या दिवशी आपल्याकडे सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो आणि बारा अठ्ठावीसला माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. लोक वेधशाळेत गर्दी करतात. बाबा गणिताचे मास्तर, त्यांना गर्दीचं वावडं. त्यांनी पडद्याचा जुना रॉड सिमेंटच्या डब्यात रोवून गच्चीवर आपली स्वतंत्र वेधशाळा थाटली होती. पहाटे ते राम घाटावरून लोटाभर पाणी आणत. सावली आखडत आखडत नाहीशी झाली की आम्ही तिघांनी ओंजळभर पाणी रॉडच्या बुडाशी घालायचं आणि सरल्या वर्षातली एक गोष्ट सोडली म्हणून सांगायचं. मग आई वाळवण उचलायची, कारण आता ऊन परत फिरणार. यातलं काहीही पोथीत नव्हतं. सगळी बाबांनी पाडलेली पद्धत.

त्यांचं एक वाक्यही ठरलेलं होतं, “जो सूर्य फिरल्यावर निघतो, तो फिरून येतो.” स्वीडनच्या कंपनीचं पत्र आलं, तारीख एकवीस जूनची निघाली, तेव्हा ते हरखलेच. पाणी घालायचं आणि मग निघायचं, याहून चांगला मुहूर्त कुठला?

आणि मला फिरून यायचंच नव्हतं. खरं सांगायचं तर एवढंच. गावात घरोघरी केबल आलं होतं, चौकाचौकात एसटीडीचे बूथ उघडले होते, ज्याला त्याला जग दिसू लागलं होतं. मला मात्र कॉम्प्युटर शिकूनही कोचिंग क्लासची नोकरी आणि दर रविवारी पोह्यांची बशी घेऊन पाहुण्यांसमोर जाणं, एवढंच दिसत होतं. त्या दिवशी मला जे सोडायचं होतं ते सगळं गच्चीवरच उभं होतं. त्यांच्यादेखत ते कसं म्हणणार? म्हणून तीनचं विमान.

बस सांवेरला थांबली तेव्हा सव्वाबारा झाले होते. खाली काकड्या विकणारा माणूस उभा होता आणि त्याची सावली बघता बघता चपलांखाली शिरत होती. ड्रायव्हर चहा संपवेना. मी पाय वर सीटवर ओढून घेतले आणि डोळे मिटले.

इंदूरच्या विमानतळावर तिकीट उघडलं. आदल्या संध्याकाळी आईने पासपोर्ट आणि तिकीट देवासमोर ठेवून पाकिटाला कुंकू लावलं होतं. पण आतल्या पानावरही, वेळ छापली होती तिथेच, बोटाचा पुसट लाल ठसा होता. आईला इंग्रजी येत नाही. देवाजवळ दिवा बाबा लावतात, म्हणजे ती वेळ वाचणारं बोट त्यांचंच. समोर फोनचा बूथ होता, पाच तास समोरच होता. मी उठले नाही.

स्टॉकहोमला या दिवसांत मोठा सण असतो. फुलापानांनी सजवलेल्या खांबाभोवती माणसं फेर धरतात आणि सूर्य मावळायचं नाव घेत नाही. पहिल्या वर्षी त्या फेरातून आदल्याच दिवशी परतले आणि एकवीसला बाल्कनीतल्या कुंडीत काठी रोवून, घड्याळात बारा अठ्ठावीस होताच नळाचं पाणी घातलं. सावली ढिम्म तशीच. फोनवर बाबा हसले. बारा अठ्ठावीस उज्जैनचे, तिथली दुपार तू तिथेच शोध, सावली सगळ्यांत आखूड होईल ती तुझी वेळ, म्हणाले. पुढच्या वर्षी ती एकला दहा कमी असताना सापडली. मग दर एकवीस जूनला आमचं बोलणं सावलीवरच. आई मध्येच “कधी येते तू?” विचारायची आणि मी विषय बदलायची. बाबा कुंकवाबद्दल एक अक्षर काढत नव्हते. रागावले असते तर परवडलं असतं.

चौथ्या वर्षी मला राहवेना. “बाबा, ते विमान तीनचं नव्हतं.”

“मालूम आहे. सातचं होतं.”

“मग थांबवलं का नाही मला?”

“तू डरली होतीस, बेटा. डरलेल्या माणसाला पकडून पाणी घालायला लावायचं का? जायचंच होतं तुला, म्हणून स्कूटर काढली.” आणि लगेच, “आज सावली किती आली?”

मी रडत रडत सांगितलं, काठी हातभर, सावली पाऊण हाताला थोडी कमी.

पुढच्या जूनमध्ये मी पहिल्यांदा घरी आले. गच्चीवर रॉड तसाच होता. शेजारी चुन्याने ओढलेल्या चार रेघा, उत्तरेकडे गेलेल्या. माझ्या सावल्या. पहिली पश्चिमेकडे जराशी कललेली, कारण त्या वर्षी माझी वेळ चुकली होती. मास्तरांनी तेवढं कलणंही गणिताने काढलं होतं. आईने पापड रेघा सोडून पसरले होते. “पाय नको देऊ,” ती म्हणाली, “तुझी जागा आहे ती.” तुझं घर कुठलं असं इकडे स्वीडनमध्ये कोणी विचारलं की मला हल्ली ती गच्चीच आठवते. मी नसतानाही तिथे माझ्यापुरती जागा रिकामी ठेवली होती.

बारा अठ्ठावीसला सावली पायाखाली गेली. मी ओंजळ रिकामी केली. काय सोडलं, बाबांनी विचारलं.

“तीनचं विमान.”

त्यांनी लोटा आईकडे दिला. आठवड्याने मी परत निघाले. विमान सातचंच होतं. बाबांनी मला दोनच्या बसला सोडलं.