वहीत नसलेला दिवा

विमानतळावर त्यांना सगळे वैद्यबुवा म्हणत. हुद्दा इंजिनिअरचा, उडण्याआधी विमान धडधाकट आहे अशी सही करायची, हे काम. कॉकपिटमध्ये एखादा दिवा पेटला की नव्या वैमानिकाच्या तोंडचं पाणी पळायचं, कारण मागे दीडशे माणसं पट्टे बांधून घड्याळाकडे बघत बसलेली. वैद्यबुवा चष्मा कपाळावर चढवून आत यायचे, डोक्यामागच्या फळीवरचं नेमकं बटण ओढायचे, दहापर्यंत मोजून पुन्हा दाबायचे. दिवा गुल. "पळवा!" म्हणत ते जिना उतरायचे.

नियम असा, की पेटलेला दिवा विझो न विझो, वहीत लिहायचा. ती वही विमानासोबतच फिरते, पुढच्या माणसाला कळावं म्हणून. पण लिहिलं की तपासणी, तपासणी म्हणजे उशीर, आणि उशीर झाला की वरून फोन. म्हणून एक रीत पडली होती: पहिल्यांदा पेटला आणि विझला, तर तोंडी सांगायचं, लिहायचं नाही. दुसऱ्यांदा पेटला तर लिहायचं. ऐकायला मोठं शहाणपणाचं वाटतं. पण दर विमानतळावर इंजिनिअर वेगळा, वैमानिक वेगळा, म्हणजे ज्याच्यासमोर पेटतो त्याला तो पहिल्यांदाच पेटलेला दिसणार, एवढी साधी गोष्ट या शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही.

त्या सकाळी सामानाच्या कप्प्यातल्या धुराचा दिवा पेटला. कॅप्टन म्हणजे वैद्यबुवांचा वीस वर्षांचा दोस्त. सहवैमानिक खाली विमानाभोवती फेरी मारायला गेला होता. वैद्यबुवांनी कप्पा उघडवून पाहिला, धूर नव्हता. बटण ओढलं, दाबलं, दिवा विझला.

"लिहायचं का?" कॅप्टननं विचारलं.

"कशाला? खोटारडा आहे तो. वर पेटलाच तर थोडा वेळ दे, गप्प बसेल."

"तू म्हणतोस ना, मग झालं."

चौथ्या तासाला दिवा पुन्हा पेटला. कॅप्टननं सात मिनिटं वाट पाहिली, मग मागून जळका वास आला. कप्प्याच्या भिंतीआड एक वायर घासून उघडी पडली होती. आदल्या तीन दिवसांत तीन वेगळ्या विमानतळांवर तिनं हा दिवा पेटवला होता, आणि तीन इंजिनिअरांनी तेच बटण ओढून दाबलं होतं. वही कोरी. जवळच्या धावपट्टीवर विमान कसंबसं टेकलं. माणसं सगळी उतरली. मागे कोणी राहिलं का ते बघायला गेलेला कॅप्टन मात्र धुरातून बाहेर आला नाही.

चौकशी समितीला वहीत काही सापडलं नाही. बोलणं टिपणाऱ्या यंत्रात फक्त शेवटचे दोन तास होते, आणि त्यात कॅप्टनचं एक वाक्य: "खोटा असेल, थांब जरा." बस्स. इशारा मिळूनही कॅप्टन हातावर हात ठेवून बसला, असा ठपका आला. बटण दाबणाऱ्या त्या तीन इंजिनिअरांनी एकेक करून वैद्यबुवांना फोन केले. कोणी स्पष्ट काही बोललं नाही, पण अळीमिळी गुपचिळी ठरून गेली. वैद्यबुवाही दोन महिने गप्प बसले. घाबरले होते, दुसरं काय! लायसन्स गेलं तर या माणसाला घरात बल्बसुद्धा कोणी बदलू दिला नसता.

रविवारी ते कॅप्टनच्या घरी, वहिनींकडे जायचे, खाली मान घालून चहा घ्यायचे. एका रविवारी वहिनी म्हणाल्या, "मुलीनं विमान चालवायला शिकणं सोडलं. वर्गात पोरं म्हणतात, बापासारखी झोपू नकोस."

वैद्यबुवांनी कप बाजूला ठेवला. त्यांनी सगळं सांगून टाकलं, अगदी 'खोटारडा' या शब्दासकट.

वहिनी रडल्या नाहीत. "हे मला सांगून काय उपयोग, भाऊजी? तिथे जाऊन सांगा."

ते दुसऱ्याच दिवशी गेले. समितीच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, वहीची प्रत उलटसुलट चाळली. "यात कुठे आहे?"

"लिहिलंच नाही. तेच तर सांगतोय."

तिघांना बोलावलं. तिघांनीही शपथेवर सांगितलं, आम्ही असला दिवा पाहिलाच नाही. उलट एकानं पुस्ती जोडली, की वैद्यबुवांचा आणि कॅप्टनचा फार घरोबा. साहेबांनी वैद्यबुवांच्या खांद्यावर हात ठेवला. "दोस्तासाठी एवढं अंगावर घेणारी माणसं आता राहिली नाहीत. पण वरातीमागून घोडं काय कामाचं? घरी जा, आराम करा." लायसन्सही शाबूत राहिलं. असली माफी शत्रूलाही मिळू नये.

संध्याकाळी ते वहिनींच्या दारात उभे राहिले. आत या, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांच्यामागे मुलगी उभी होती.

"काय म्हणाले?"

"माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही, वहिनी."

"ह्यांनी ठेवला होता," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी दार लावून घेतलं.