पाठीवरची नीळ

बानाबाईचा हात आधी चालायचा आणि तोंड नंतर. माणसाशी गोड बोलून काम होतं, यावर तिचा कधी विश्वासच बसला नाही. जन्म फर्दापूरच्या डोंगरात, मेंढरं वळणाऱ्या घरात. बाराव्या वर्षी कळपात शिरलेल्या लांडग्याच्या तोंडावर तिनं कुऱ्हाडीचा दांडा घातला होता, आणि पन्नाशी ओलांडली तरी ही हकीकत सांगताना दांडा कसा धरायचा ते दाखवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पुढं दुष्काळात मेंढरं विकली, नवरा रामकिसन तिला घेऊन शहरात आला, आणि पुंडलिकनगरच्या मागं एका पत्र्याच्या खोलीत दोघांनी संसार मांडला. तो बांधकामावर जायचा, ती चार घरची धुणी करायची.

करोनाच्या पहिल्या लाटेत रामकिसन गेला. ऑक्सिजन होता, औषध होतं. झोपेत मास्क नाकावरून सरकला आणि हनुवटीवर येऊन बसला, एवढंच. वॉर्डात साठ माणसं आणि बघायला एक. कुणाची नजर गेली तेव्हा तो गार पडला होता. शेजारच्या खाटेवरचा माणूस बरा होऊन घरी आल्यावर त्यानं हे बानाबाईला सांगितलं.

"तुमी काहून नाय सरळ केला?" तिनं विचारलं.

"बाई, मला हातच उचलवत नव्हता."

त्या दिवशी तिनं घरातली तीन पातेली भिंतीवर आपटून चेपवली. रडली ती त्यानंतर, चेपलेल्या पातेल्यात भात शिजवताना.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये करोनाची आग पुन्हा लागली. दवाखाने भरले, तेव्हा एका मंगल कार्यालयात चाळीस खाटांचा तात्पुरता दवाखाना उघडला. तीन महिन्यांच्या करारावर माणसं हवी होती. जाहिरात निघाली आणि कुणी फिरकेना. बानाबाई पहिल्याच दिवशी दारात जाऊन उभी राहिली. लिहिता वाचता येत नाही, हे तिनं स्वतःच सांगितलं. "पण मह्या नजरंखाली एकाचा बी मास्क सरकून जीव जाणार नाय," असंही सांगितलं. भरतीच्या साहेबानं मान डोलावली. त्याला तरी कुठं दुसरं कुणी मिळत होतं!

जिथं नवरा-नवरीच्या खुर्च्या ठेवायच्या त्या स्टेजवर सिलिंडर उभे राहिले. दोन हॉलना मिळून एक डॉक्टर, या हॉलला आवडा सिस्टर नावाची पंचविशीची पोरगी, आणि बानाबाई धरून दोन मदतनीस. त्यातला एक दुसऱ्याच दिवशी किट न्हाणीघरात टाकून मागच्या दारानं पळाला. त्याची बदली काही आली नाही. आले ते काकासाहेब. पुंडलिकनगरात त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. दुकान बंद, सिलिंडरची मात्र आयुष्यभराची माहिती. एक पैसा न घेता ते रोज टेम्पोतून रिकामे सिलिंडर न्यायचे, रांगेत उभं राहून भरून आणायचे, येताना गल्लीतल्या बायकांनी करून दिलेली पोळीभाजीची पाकिटं आणायचे. सिलिंडर उघडायचा पाना त्यांनीच बानाबाईच्या हातात दिला. तिनं तो दोरीनं कमरेला बांधला.

तो पाना फक्त सिलिंडरवर चालला असं नाही. भर दुपारी दोन टगे स्टेजवरचा भरलेला सिलिंडर लोळवत न्यायला लागले, तेव्हा एकाच्या गुडघ्यावर तो असा बसला की त्याला दोघांनी उचलून न्यावं लागलं. तात्यासाहेब नावाचे एक बडे गृहस्थ गुदमरतंय म्हणून सारखा मास्क ओढून काढायचे. तिसऱ्यांदा काढला तेव्हा बानाबाईनं त्यांच्या कानाखाली वाजवली.

"मह्या अंगाला हात लावती?" तात्यासाहेब ओरडले.

"अंगाला नाय, थोबाडाला लावला. पुन्ना काढाल तर पुन्ना लावीन."

तात्यासाहेब बरे होऊन चालत घरी गेले. जाताना तिच्याकडं बघितलं नाही, पण गेले चालत.

आता नीळ. किट घातलं की चष्म्यावर वाफ धरायची. छातीत हवा जावी म्हणून डॉक्टर सगळ्यांना पालथं झोपवायचे. चाळीस पालथी माणसं आणि सगळ्यांच्या पाठी सारख्याच. जास्त नाजूक कोण, हे फळ्यावर लिहिलेलं असायचं. बानाबाईला फळा काय कामाचा? मग तिनं तिच्या घरचीच रीत काढली. डोंगरात मेंढरू आजारी पडलं की तिची आई त्याच्या पाठीवर निळीचा बोळा टेकवायची. हजार मेंढरांतही निळं दिसलं की आधी त्याच्याकडं जायचं, आधी त्याला पाला, रात्री त्याला खोपीजवळ बांधायचं. बानाबाईनं कपड्यांना घालायची नीळ आणली आणि ज्यांचा श्वास लवकर उतरतो त्यांच्या सदऱ्यावर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, एकेक ठिपका लावला. दर पंधरा मिनिटांनी ती निळ्या पाठींवरून फिरायची. आवडा सिस्टरला ही युक्ती इतकी आवडली की तीसुद्धा निळ्याकडं आधी धावू लागली. पंधरा दिवसांत एकाचाही मास्क सरकून जीव गेला नाही. आजारानं मात्र माणसं जायची, आणि जी जायची ती बहुतेक निळीचीच असायची. सगळ्यात नाजूक तीच तर होती.

हे सगळं सतराव्या खाटेवरून केरबा बघत होता.

केरबा पैठणकडचा. सत्तरीचा म्हातारा, जन्मभर मेंढरांमागं चाललेला, बानाबाईच्याच जातीचा. पण त्याच्या मुलखात निळीचा अर्थ दुसरा होता. तिकडं खाटकाचा दलाल कळपात शिरायचा, मेंढरं चाचपायचा, आणि सौदा झालेल्याच्या पाठीवर निळा ठिपका ठेवायचा. संध्याकाळपर्यंत निळी मेंढरं गाडीत. केरबानं बघितलं: पुढच्या खाटेवरच्या पाठीला ठिपका लागला, तिसऱ्या दिवशी तो माणूस गुंडाळून नेला. पलीकडच्याला लागला, तोही गेला. मग एका सकाळी अंग पुसताना त्याचा सदरा काढला. सदऱ्याच्या पाठीवर नीळ होती.

त्यानं बानाबाईला काही विचारलं नाही. दलालाला कुणी विचारतं का? त्यानं उशीखालचा फोन काढून पोराला लावला. "सूर्यभान, मला इकलंय रं. मह्या पाठीवर नीळ लावली. आज नाय तर उद्या नेत्यात."

सूर्यभान दुपारी दोन वाजता आला. जीपमधून, सहा जण, काठ्या आणि एक लोखंडी पहार घेऊन. काकासाहेब तेव्हा सिलिंडरच्या रांगेत होते आणि डॉक्टर दुसऱ्या हॉलमध्ये. दारावरच्या होमगार्डला पहिल्याच काठीनं आडवा केला. काच फुटली. औषधांचं कपाट पालथं झालं, सलाइनच्या बाटल्या फरशीवर फुटल्या, आणि पालथी पडलेली चाळीस माणसं उठता येईना म्हणून नुसती विव्हळू लागली. आवडा सिस्टर मधे गेली तर एकानं तिला किटच्या टोपीला धरून भिंतीवर फेकलं. कपाळ फुटलं, पांढऱ्या किटवर रक्ताची धार लागली.

"कुठंय महा बाप?" सूर्यभान ओरडत होता. "कितीला इकला त्याला? बोला!"

बाप दिसला तसा त्यानं मास्क ओरबाडून काढला आणि म्हाताऱ्याला खांद्यावर टाकलं. बानाबाई आडवी आली. पान्याचा पहिला घाव तिनं सूर्यभानच्या बरगडीत घातला, दुसरा शेजारच्याच्या मनगटावर. त्याची काठी गळून पडली. तिसरा घालायला हात वर केला, तेवढ्यात पहार आली. सूर्यभाननंच एका हातानं फिरवली. तिच्या उजव्या हाताचं हाड कोपराखाली मोडलं, आणि तो आवाज खाटेवरच्या माणसांनाही ऐकू गेला.

ते जीपकडं पळाले. बानाबाईनं स्टेजवरचा, नळी-मास्क गुंडाळलेला छोटा सिलिंडर डाव्या काखेत मारला आणि मागं धावली. उजवा हात नुसता लोंबत होता. जीपच्या फळीवर ती चढली तेव्हा कुणीतरी तिला पाठीत लाथ घातली. ती पडली, तोंडात माती गेली, ओठ फाटला. उठून पुन्हा चढली.

जीप अजून जागीच होती. आत केरबाचे ओठ काळे पडले होते. डोळे वर गेले होते. सूर्यभान "आबा, आबा" म्हणत त्याचे गाल थोपटत होता, आणि त्याचा सगळा माज एका क्षणात उतरला होता. बानाबाईनं दातांनी नळी सोडवली, डाव्या हातानं चावी फिरवली आणि मास्क म्हाताऱ्याच्या तोंडावर दाबून धरला. चार श्वास, सहा श्वास. डोळे खाली आले.

"निळीचा काय आळ घेतोस मह्यावर?" ती रक्त थुंकत म्हणाली. "मेंढरू आजारी पडलं तर तुमी खूण करीत नाय?"

केरबानं मास्कमधूनच विचारलं, "तुमच्यात नीळ... आजाऱ्याला?"

"मग कुणाला? आधी त्याच्याकडं जायचं म्हणून लावत्यात. तुमच्यात कुणाला लावत्यात?"

केरबानं सांगितलं. पंधरा दिवस बानाबाई लोकांच्या पाठीवर खूण करत होती, आणि ही खूण कशाची हे तिनं एकालाही सांगितलं नव्हतं. मेंढरांना कोण सांगतं? तिला स्वतःची एवढी चीड आली की मोडलेल्या हाताची कळ क्षणभर कळलीच नाही.

"मला आत न्या," केरबा म्हणाला.

बाकीचे पाच जण एव्हाना पांगले होते. सूर्यभाननं एकट्यानं बापाला उचलून आत आणलं, खाटेवर पालथं घातलं. कपाळाला बोळा दाबून आवडा सिस्टर एकेक मास्क बघत फिरत होती. कोपऱ्यातल्या खाटेपाशी ती थांबली ती हललीच नाही.

तिथं चतुराबाई होती. साठीची, एकटीच आलेली, पाठीवर नीळ असलेली. आरडाओरड्याला भिऊन तिनं कूस बदलली असावी. मास्क हनुवटीवर होता. वीस मिनिटं निळ्या पाठींवरून कुणी फिरलं नव्हतं.

बानाबाईनं तो मास्क डाव्या हातानं वर सरकवला, नाकावर नीट बसवला. आता त्याचा काही उपयोग नाही हे तिला दिसत होतं, तरी बसवला. मग ती वळली आणि तिनं सूर्यभानच्या तोंडात अशी ठेवून दिली की त्याचा दात हलला. त्यानं हात वर केला नाही.

"महा हात तू मोडलास," ती म्हणाली. कमरेची दोरी सोडून पाना त्याच्या छातीवर आपटला. "आता महा हात तूच. किट घाल. पयल्यांदा हिला उचल."

त्यानं चतुराबाईला उचललं. रडत उचललं.

तासाभरानं पोलीस आले. कुणी मारलं, कुणी फोडलं, विचारू लागले. हात गळ्यात बांधून बानाबाई स्टुलावर बसली होती, आणि तिच्याशेजारी किटमधला एक माणूस सिलिंडर बदलत होता. "किटात समदे सारखेच दिसत्यात, साहेब," ती म्हणाली. "मला नाय वळखू आले." शिपायानं आवडा सिस्टरकडं बघितलं. सिस्टरनं चाळीस खाटांकडं बघितलं आणि तीही काही बोलली नाही.

एकवीस दिवस सूर्यभान तिथं राबला. त्यानं मास्क सरळ केले, लघवीची भांडी दिली, काकासाहेबांबरोबर सिलिंडर वाहिले, प्रेतं गुंडाळली. बानाबाई हाताला प्लास्टर घालून मागं उभी राहायची आणि चुकला की पाठीत गुद्दा घालायची. नीळ तशीच राहिली, आता मात्र ठिपका लावण्याआधी ती प्रत्येकाच्या कानाशी वाकून सांगायची, "भिऊ नका, ही आधी बघायची खूण हाय." केरबा सोळाव्या दिवशी घरी गेला. मग खाटा रिकाम्या होत गेल्या, आणि एका सकाळी हॉलमध्ये कुणीच उरलं नाही.

त्या सकाळी बानाबाईनं सूर्यभानला किट उतरवायला लावलं. "चल," एवढंच म्हणाली. कुठं, हे त्यानं विचारलं नाही. तिची पिशवी उचलली आणि मागं निघाला.

चौकीतल्या हवालदारानं दोघांना बघितलं. "एकवीस दिवस ओळखत नव्हता बाई, आन् आज?"

"एकवीस दिवस दुसरा माणूस नव्हता," बानाबाई म्हणाली. "आता लिव्हा. पयलं चतुराबाईचं नाव लिव्हा, महा हात मागनं. ह्यानं दार फोडलं म्हणून ती गेली. आन् ठिपका मी लावला, सांगितलं नाय कुणाला, ते बी लिव्हा."

हवालदार सूर्यभानकडं वळला. "हे खरं का?"

"व्हय," सूर्यभान म्हणाला.

हवालदारानं लिहून कागद पुढं केला. तिचा उजवा हात प्लास्टरात होता, म्हणून सूर्यभाननं कागद धरून ठेवला, आणि बानाबाईनं डाव्या अंगठ्याचा ठसा उमटवला.