बावीस बरोबरच्या खुणा

त्या मनोरंजन उद्यानात तिचं खरं नाव विचाराल, तर दहातले नऊ जण डोकं खाजवतील. तिकीटखिडकीवरल्या पोरींपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांची ती रंगमावशी. वय सत्तेचाळीस, उंची बेताची, आणि नखांच्या कडेला कायम कुठला ना कुठला रंग. आज मावशी कुठल्या पाळण्यावर होती, हे तिच्या नखांवरून ओळखायची पैज कँटीनमध्ये रोज लागायची.

कामं सगळीकडची करायची, पण जीव अडकला होता गुहेत. उद्यानाच्या पार मागच्या टोकाला ही प्राण्यांची गुहा. आत पाण्याचा चर, त्यातून सावकाश सरकणाऱ्या होड्या, आणि दोन्ही काठांवर प्लास्टरचे बावीस प्राणी. धक्का नाही, किंचाळी नाही. बारा मिनिटं अंधारात बसायचं, हत्ती, अस्वलं, पाणघोडा बघायचे आणि उजेडात यायचं. मोठ्या पाळण्यांना घाबरणारी पोरं, गुडघे गेलेल्या आज्या आणि नुकतंच लग्न ठरलेली जोडपी हे गुहेचं हक्काचं गिऱ्हाईक. जोडप्यांना प्राण्यांशी काही देणंघेणं नसायचं, तो भाग सोडा.

हे प्राणी केले होते काकांनी. काका म्हणजे तिच्या वडिलांचे मित्र आणि उद्यानाचे पहिले कारागीर. आधी लोखंडी जाळी, तिच्यावर तागाच्या सुतळीचे थर, वर प्लास्टर. एकोणिसाव्या वर्षी मावशी त्यांच्या हाताखाली लागली, तेव्हा पहिले सहा महिने त्यांनी तिला ब्रशला हात लावू दिला नाही. बोट वाकवून पेराने प्राणी वाजवायला शिकवलं. पायापासून कानापर्यंत, वीत-वीत अंतरावर, टक टक करत जायचं. ठक् असा दबका आवाज आला की आत सगळं धरून आहे. ढबढब आवाज आला की आतलं सुटलंय, प्राणी पोकळ झाला. एका प्राण्याला अर्धा दिवस लागायचा.

"वरून कितीही गोंडस दिसू दे," काका म्हणायचे, "वाजवल्याशिवाय मला काही सांगायला यायचं नाही."

शिकणाऱ्याने चूक केली की तेच पेर त्याच्या डोक्यावर. "बघू, भरीव आहे का पोकळ?" मावशीच्या डोक्याने हा प्रसाद इतक्या वेळा खाल्ला होता, की काकांचा हात वर गेला की मान आपोआप खाली जायची. लागायचं नाही कधी. उलट, काकांनी टकटक केलं म्हणजे ते आपल्यावर रागावलेले नाहीत, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

काका निवृत्त झाले, थकले, चाकाच्या खुर्चीत आले. मावशी दर गुरुवारी त्यांच्याकडे जायची आणि कुठल्या प्राण्याला कुठला रंग दिला ते सांगायची. पाणघोड्याची चौकशी काका सगळ्यात शेवटी करायचे, कारण तो त्यांचा लाडका.

मग एके दिवशी बातमी आली. गुहा जाणार. तिथे उडत्या जहाजांच्या त्या गाजलेल्या पाच सिनेमांचा विभाग होणार. नेहमी येणारी मंडळी खवळली. वीस वर्षं दर सुट्टीला येणाऱ्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी फाटकाशी टेबल टाकून 'गुहा वाचवा' म्हणून अर्जावर सह्या गोळा केल्या. त्या अर्जावर तिसरी सही मावशीची होती. खोटी नव्हती ती. सही करताना तिचे डोळे भरून आले होते.

पण खरं सांगायचं तर ते पाचही सिनेमे मावशीने पाहिले होते. तिसरा दोनदा. मुलीला घेऊन गेले म्हणायची, पण जहाज ढगातून वर येतं तिथे मुलीपेक्षा तीच जास्त रडली होती. हे तिने पोस्टमास्तरांना सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी साहेबांनी तिला बोलावलं. सिनेमाच्या कंपनीने तिची जुनी कामं पाहिली होती. नव्या विभागाचं आकाश, शंभर फूट लांब आणि चाळीस फूट उंच, तिने करावं असं त्यांचं म्हणणं होतं. ढग कसे, उजेड कुठून, सगळं तिने ठरवायचं. अठ्ठावीस वर्षं तिने दुसऱ्याने केलेल्या आकारांना रंग दिला होता. स्वतःचं म्हणावं असं हे पहिलंच काम. तिला आनंद मावेना, आणि पाठोपाठ त्या अर्जाची आठवण झाली.

"आणखी एक," साहेब म्हणाले. "जे प्राणी न तुटता हलतील, ते आपण फाटकाजवळच्या बागेत मांडू. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं? तपासा आणि या फॉर्मवर लिहून द्या."

बावीस प्राणी म्हणजे अकरा दिवस. आणि सोमवारपासून कंपनीचा चित्रकार दहा दिवस आकाशाचं काम शिकवायला येणार होता. मुदत वाढवून मागता आली असती. साहेब काही वाघ नव्हते. पण 'मावशीला वेळ नाही, तर आकाश दुसऱ्याला देऊ' असं ते म्हणाले तर? त्या एका 'तर'पायी मावशीने तोंड उघडलं नाही.

शनिवारी कँटीनमध्ये एका कोपऱ्यातल्या टेबलावर ती फॉर्म घेऊन बसली. एका बाजूला प्राण्यांची नावं, समोर दोन चौकोन. 'हलवता येईल' आणि 'पोकळ, हलवल्यास तुटेल'. 'हलवता येईल' लिहिलं आणि प्राणी उचलताना तुटला, तर जाब तिलाच विचारणार; पोकळ म्हटल्यावर कोण तपासायला जाणार? तिने पेन काढलं आणि दुसऱ्या चौकोनात बरोबरची खूण केली. मग खालच्या ओळीत. मग त्याच्याही खाली. जुनेच तर आहेत, चाळीस वर्षं पाण्याकाठी उभे आहेत, पोकळच निघाले असते, असं ती स्वतःला समजावत होती. पाणघोड्यापाशी पेन क्षणभर थांबलं. मग तिथेही खूण झाली. चहा निवायच्या आत बावीस प्राणी निकालात निघाले होते, आणि गुहेत तिने पाऊलही टाकलं नव्हतं.

गुहा फोडायच्या दिवशी ती तिकडे फिरकणार नव्हती. पण शिडी तिथेच राहिली होती. आत गेली तेव्हा एक मजूर पाणघोड्यावर घण घालत होता.

ठक्.

घण उसळून परत आला. मजुराने हातावर फुंकर मारली आणि पुन्हा घातला. ठक्. तोच दबका आवाज, पायापासून कानापर्यंत. अठ्ठावीस वर्षं ज्या आवाजाची वाट बघत तिने पेरं झिजवली होती, तो आता दहा पावलांवरून ऐकू येत होता.

"मावशी, ह्याच्या पोटात काय भरलंय हो?" मजुराने घाम पुसत विचारलं. "कागदावर तर पोकळ म्हणून लिहिलंय!"

"मला काय माहीत," मावशी म्हणाली आणि शिडी उचलून चालू लागली. संध्याकाळी कँटीनमध्ये कळलं, की त्या एका पाणघोड्याला तीन माणसं आणि अख्खी दुपार लागली. सगळे हसले. मावशीही हसली, आणि घरी जाऊन भात चिवडत बसली. नवऱ्याने विचारलं, "बरं नाही का?" ती म्हणाली, "डोकं दुखतंय."

त्या गुरुवारी काकांना बातमी आधीच पोचली होती. साहेबांनी फोन करून सांगितलं होतं, अगदी आदराने.

"सगळे बावीस?" काकांनी विचारलं. "तू वाजवलेस ना गं?"

खरं सांगायची ती वेळ होती. मावशी म्हणाली, "हो काका."

काकांनी मान हलवली. "मग माझंच चुकलं. सुतळीचे तीन थर द्यायला हवे होते. घाई केली मी तेव्हा."

इतके दिवस तिने अपराध प्राण्यांचा केला होता, आता माणसाचा केला. आणि तो दर गुरुवारी वाढत गेला. दर वेळी काकांना स्वतःची नवी चूक सापडायची. प्लास्टर पातळ झालं असेल. जाळीला गंज धरला असेल, वरून लेप द्यायला हवा होता. "जेवता जेवता थांबतात हो," काकांची सून तिला दाराशी सांगायची. "'लोकांना इतकी वर्षं पोकळ माल दाखवला' म्हणतात. तुम्ही तरी समजवा त्यांना." मावशी मान खाली घालून चपला शोधायची. चपला समोरच असायच्या.

आणि आकाश? आकाश सुरेख झालं. इथेच तर सगळी पंचाईत होती. वाईट झालं असतं तर बरं वाटलं असतं. शिडीवर चढली की ती काका, गुहा, फॉर्म, सगळं विसरायची. ढगाच्या कडेला पिवळट उजेड देताना चक्क गुणगुणायची. खाली उतरल्यावर आठवायचं, की आपण गुणगुणत होतो. विभाग सुरू झाला त्या दिवशी पोस्टमास्तर सर्वांत आधी आत शिरले. बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "गुहा गेली त्याचं वाईट वाटतंच हो. पण हे... हे कोणी केलं?" मावशीने सांगितलं नाही. मन एवढं खात होतं, तरी आणखी कौतुक कानावर पडावं म्हणून ती तिथेच रेंगाळली.

मग एका दुपारी सून काकांना घेऊन आली. "हट्टच धरला," ती म्हणाली. मावशीने खुर्ची स्वतः ढकलली. काकांनी वाटेत नव्या विभागाच्या एका खडकावर पेर वाजवलं. फायबरचा खडक ढबढब वाजला. काका लहान मुलासारखे हसले. "हा जन्मतःच पोकळ!"

आकाशाखाली त्यांनी खुर्ची थांबवायला लावली. मान मागे टाकून कोपरा न् कोपरा पाहिला.

"छान केलंस," ते म्हणाले. "उजेड बरोबर आलाय. माझ्यापेक्षा हुशार निघालीस पोरी. माझे प्राणी बघ, पोकळ निघाले, आणि तू वर्षानुवर्षं त्यांना रंग देत बसलीस. मला माफ कर."

 मावशी खुर्चीसमोर उकिडवी बसली आणि तिने सांगून टाकलं.

"काका, मी वाजवलेच नाहीत. एकही नाही. मला हे आकाश हवं होतं. कँटीनमध्ये बसून खुणा केल्या मी."

माणसांची गर्दी दोन्ही बाजूंनी जात होती. काकांनी एकदा वर आकाशाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाणघोडा?"

"भरीव होता. मी घणाचा आवाज ऐकला. तिघं लागले. अख्खी दुपार गेली."

"अख्खी दुपार?" काकांची पाठ खुर्चीत ताठ झाली. डोळे चमकले. सुनेकडे वळून ते म्हणाले, "ऐकलंस? तिघं! दोन थर सुतळी, आणि तिघं लागले!" त्यांचा आनंद बघून मावशीला वाटलं, सुटले.

"आणि बाकीचे?" काकांनी विचारलं. "हत्ती? अस्वलं?"

मावशी म्हणाली, "मी थांबले नाही काका. शिडी घेऊन निघून गेले."

"म्हणजे एकवीस जणांचं कोणालाच ठाऊक नाही."

"नाही."

काकांनी हात वर केला. मावशीची मान सवयीने खाली गेली. डोळे मिटून ती पेराची वाट बघत राहिली.

"सूनबाई," काकांचा आवाज आला, "चल, घरी जाऊ."

तिने डोळे उघडले. काकांनी हात सुनेला बोलवायला वर केला होता.