ह्याला पानी कोन घालतो?

वसईतल्या सांडोर गावाहून फोन आला तेव्हा मी कचेरीत होतो. "पप्पा गेले, अंकल," एवढंच पास्कूभाऊंचा मुलगा बोलला, आणि मला दुःखाआधी रागच आला... कुणाचा, ते आज महिना उलटल्यावरही धड सांगता येत नाही. उभं आयुष्य केळीच्या वाडीत काढलेला माणूस अंथरुणावर झिजून गेला.

वसईत फ्लॅट घेतल्यापासून मी त्यांच्याकडे केळी आणायला जायचो आणि तासभर गप्पा मारत बसायचो. एकदा आमच्या कचेरीच्या कच्छच्या सहलीत एक जागा रिकामी राहिली, म्हणून त्यांना ओढूनच नेलं. बाकी सगळे भरतकामाच्या दुकानांत, आणि हे महाशय निवडुंगांपुढे उभे. मेंढपाळांच्या घरांभोवती पुरुषभर उंचीचे निवडुंग, खाली भाजलेली माती. "ह्याला पानी कोन घालतो?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं. तो हसला. "कोई नहीं, काका. डालोगे तो मर जाएगा." पास्कूभाऊ हसले नाहीत. बऱ्याच वेळाने गाडीत म्हणाले, "पान्याशिवाय जगायचं म्हंजे अंगावर काटेच येनार." तरी येताना रुमालात निवडुंगाचा एक तुकडा बांधून आणलाच. दारात लावला आणि केळीला घालावं तसं रोज पाणी घातलं. थोड्याच दिवसांत तो कुजला. त्यांची बायको, मोनीवहिनी, पुढे वर्षभर त्यावरून त्यांची फिरकी घ्यायच्या.

मग आजूबाजूच्या वाड्यांतून टँकर भरू लागले. नव्या इमारतींना पाणी हवं होतं. मीही त्यातल्याच एका इमारतीत राहतो. पास्कूभाऊंनी आपल्या विहिरीवर टँकर येऊ दिला नाही. पण जमिनीखाली कुंपण कोण घालणार? शेजारच्या विहिरी उपसल्या गेल्या, खालून समुद्राचं पाणी शिरलं आणि ह्यांचीही विहीर खारी झाली. केळीची पानं कडेने करपू लागली. "आता तो निवडुंग जगला असता," ते एकदा म्हणाले... त्यानंतर त्यांनी वाडीत पाऊल टाकणं सोडलं. जेवण सुटलं, आणि मग दुखण्याने अंथरूण धरायला लावलं.

शेवटचा भेटलो तेव्हा वहिनींनी पेला त्यांच्या ओठांना लावला. "आपल्या विहिरीचं हाय. परत गोडं झालं," त्या म्हणाल्या. पास्कूभाऊंनी घोट घेतला. "गोडं हाय." वहिनी आत गेल्यावर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "टँकरचं हाय, भाऊ. मला कळते. पन तिला सांगू नका."

परवा महिन्याच्या मिस्सेला, त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेला गेलो होतो. चर्चमधून सगळे घरी आले, चहा झाला, माणसं पांगली. वहिनींनी मला ओट्यावर बसवून पाणी दिलं. "विहिरीचंच हाय, खारं लागेल. टँकर बंद केला मी. आता कोनासाठी घेऊ?" मग त्यांनी हळूच विचारलं, "त्यांना कळलं नाय ना, भाऊ?"

"नाही कळलं," मी म्हणालो, आणि पेल्यातलं ते खारं पाणी तळापर्यंत प्यालो.