गोकुळाअक्कांच्या घरचा चहा

गोकुळाअक्कांच्या दारात पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या पिशवीत एड्सवरचं भाषण होतं आणि पोटात पित्त. "आदी चा, मग बोला," त्या म्हणाल्या. सांगलीच्या त्या गल्लीत धंदा करणाऱ्या बायकांची संघटना नव्वदीच्या दशकात अक्काच चालवायच्या. उमेदीची वर्षं त्यांनीही तिथंच काढलेली. हवालदार असो, डॉक्टर असो, की माझ्यासारखी साताऱ्याहून समाजकार्य शिकून आलेली उद्धारकर्ती, चहा प्यायल्याशिवाय त्या कुणाला बोलू देत नसत. "आमच्या कपाला त्वांड लावत न्हाई, त्यो आमचं काय ऐकणार?"

नको म्हटलं तर विटाळ मानते असं वाटेल, म्हणून मी कप रिकामा केला, भाषणाला उभी राहिले आणि दणदणीत ढेकर दिला. बायका पोट धरून हसल्या. माझं समाजकार्य तिथून सुरू झालं.

एकदा औंधकडची एक पोर गल्लीत आणली गेली. कुपवाडच्या कारखान्यात काम देतो म्हणून एकानं फसवलेलं. कळताच अक्का बायकांना घेऊन, पोरीला विकत घेतलेल्या घरवालीच्या दारात ठाण मांडून बसल्या आणि पोरीला सोडवूनच उठल्या. पोलिसांत जबाब झाला, तरी पोरीचा घोर वेगळाच. "अक्का, घरात घेत्याल का वं मला?"

आम्ही तिला पोचवायला निघालो. मी एस.टी.त वाटभर पुनर्वसनाचे मुद्दे घोकत होते. दारात आईनं आधी पोरीकडं पाहिलं, मग शेजारच्या दारांकडं. आत या म्हणाली नाही. मी "समाजाची मानसिकता" इथवर पोचले तोच अक्कांनी कोपरानं ढोसलं. "बाई, गप बसा जरा."

आईनं गुळाचा कोरा चहा आणला, एकच कप, माझ्यापुरता. अक्का पायरीवर खाली मान घालून बसलेल्या. पोरीनं माझ्या हातातला कप घेतला आणि अक्कांपुढं धरला. आई बघत राहिली. मग एकदम पोरीवर खेकसली, "उबी काय ऱ्हायलीस? आत जा, आनि आधण ठेव. पावण्यांस्नी चा पुरंना व्हय?"

पोर उंबरा ओलांडून आत गेली. अक्का रडत चहा प्यायल्या. परतताना म्हणाल्या, "बाई, तुमचं भाशान लय कामाला आलं. त्ये थांबावं म्हनून तिनं चा टाकला."

अक्का जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात भेटायला गेले तेव्हा त्यांना उठवत नव्हतं. शेजारणीला हळूच म्हणाल्या, "बाईस्नी अर्दाच कप दे. पित्त हाय त्यांस्नी. पयल्या दिसापास्नं हाय."

म्हणजे अक्कांना सगळं ठाऊक होतं! मी भरून कप मागितला आणि डोळे पुसत तळापर्यंत प्यायले.